एअर रायफलचा ग्रुप उभा का पसरतो? कागदापासून रेग्युलेटरपर्यंतची तपासणी

इंदूरच्या रेंजांवर पावसाळ्यात, आणि पुन्हा दिवाळीनंतर थंडी पडली की, एकच तक्रार सुरू होते: ग्रुप, म्हणजे कागदावरच्या छिद्रांचा पुंजका, आडवा छान येतो, पण उभा पसरतो. त्यावरचं निदानही ठरलेलं असतं, "रेग्युलेटर गेला." दर शॉटला हवा सारख्या दाबाने सोडणारा हा भाग बहुतेक वेळा गेलेला नसतो. रायफल पार्सल होऊन बाहेरगावी जाते, सराव बंद पडतो आणि परत आल्यावर पसारा तसाच राहतो, कारण दोष पेलेटच्या (शिशाच्या छऱ्यांच्या) डबीत असतो किंवा एखाद्या सैल स्क्रूमध्ये. पुढची तपासणी १० मीटरच्या पी.सी.पी. (सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या) एअर रायफलसाठी आहे. एअर पिस्तूल जिथे वेगळं वागतं तिथे तसं सांगितलं आहे.

लक्षणं

यातलं तुमचं लक्षण कोणतं ते आधी कागदावर लिहून ठेवा. दोन लक्षणं एकत्र असतील तर दोन्ही लिहा.

– दहा शॉटचा ग्रुप रुंदीला ६-७ मि.मी., उंचीला मात्र १२ मि.मी. किंवा जास्त.
– नऊ शॉट एका जागी आणि एखादाच सरळ खाली पडलेला.
– पहिला शॉट वर किंवा खाली, पुढचे बरोबर. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा तसंच.
– सराव संपत येताना शॉट हळूहळू खाली उतरत जातात.
– काल झिरो (नेम आणि छिद्र यांची जुळणी) बरोबर होता, आज सगळा ग्रुपच वर किंवा खाली सरकला आहे, पण आकाराने ठीक आहे.
– रात्री दाबाच्या गेजवर २०० बार होते, सकाळी १९० आहेत.

शेवटच्या दोन लक्षणांत रायफलला बहुधा काहीही झालेलं नसतं. पहिल्या लक्षणाची कारणं सर्वांत जास्त आहेत आणि ती बहुतेक फुकटात सापडतात.

आधी थोडं गणित

हे गणित समजलं की निम्मी धावपळ वाचते. सामन्याच्या एअर रायफलमधून ०.५३ ग्रॅमचं पेलेट साधारण १७० मीटर प्रति सेकंद वेगाने निघतं. १० मीटर जाईपर्यंत ते गुरुत्वाकर्षणाने जवळपास १७ मि.मी. खाली येतं. वेग १० मीटरने कमी झाला तर ते १९ मि.मी. खाली येईल, म्हणजे कागदावर फरक पडेल फक्त २ मि.मी.चा. ठीक चालणाऱ्या रायफलीत शॉटागणिक वेग २-३ मीटरने बदलतो. त्याने छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षा फारसं हलत नाही.

रायफलच्या टार्गेटवर एका वर्तुळापासून पुढच्या वर्तुळापर्यंतचं अंतर २.५ मि.मी. असतं, म्हणजे दशांश गुणांतला ०.१ म्हणजे पाव मिलिमीटर. १० मीटरचा वेगफरक पाऊण गुण खातो. सामन्यात हे नुकसान मोठं आहे, पण ५-६ मि.मी.चा जादा उभा पसारा त्यातून येत नाही. त्यासाठी वेग २०-२५ मीटरने वर-खाली व्हावा लागेल आणि तेव्हा शॉटचा आवाजच बदललेला ऐकू येईल. आवाज दर वेळी सारखा असेल तर रेग्युलेटरचा विचार शेवटी करा.

पिस्तुलाचा वेग कमी, साधारण १५० मीटर. तिथे १० मीटरच्या वेगफरकाने ३ मि.मी. फरक पडतो, पण पिस्तुलाच्या टार्गेटची वर्तुळं ८ मि.मी. अंतरावर असतात. म्हणून पिस्तुलातला उभा पसारा जवळपास नेहमी मनगट, ग्रिप किंवा ट्रिगरचा असतो.

काडतुसावर चालणाऱ्या .२२ रायफलला ५० मीटरवर उलट होतं. तिथे १० मीटरच्या वेगफरकाने गोळी साधारण ७ मि.मी. सरकते, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण वर्तुळ. त्यामुळे .२२ मध्ये उभा पसारा दिसला की आधी काडतुसांचा लॉट बदलून बघा. एअर रायफलचं निदान .२२ ला लावू नका, आणि .२२ चं एअर रायफलला तर मुळीच नाही.

१. रायफल की नेमबाज? (खर्च: काही नाही)

पहिली तपासणी हीच, कारण यातून पुढची अर्धी यादी गळून पडते. टेबलावर वाळूची पिशवी ठेवा आणि रायफलचा पुढचा लाकडी किंवा ॲल्युमिनियमचा भाग तिच्यावर टेकवा. बॅरल किंवा सिलिंडर टेकवू नका. त्यावर दाब आला की शॉट सरकतो आणि चाचणी फसते. खुर्चीवर बसून पाच-पाच शॉटचे चार कागद मारा. प्रत्येक ग्रुपची उंची आणि रुंदी छिद्राच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा.

चारही ग्रुप गोल आणि ६-७ मि.मी.च्या आत असतील तर रायफल निर्दोष आहे. पसारा उभं राहण्यात आहे. त्याची नेहमीची ठिकाणं तीन. बट-प्लेट खांद्यावर दर शॉटला थोडी वेगळी बसते. गालाचा भार चीकपीसवर कमी-जास्त पडतो. आणि नैसर्गिक रोख, म्हणजे शरीर सैल सोडल्यावर रायफल जिथे रोखली जाते ती जागा, टार्गेटच्या वर किंवा खाली असतो आणि नेमबाज स्नायूंच्या जोरावर रायफल मधोमध धरून ठेवतो. १० मीटरच्या टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर असतो. डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. साइट (नेम धरायचं साधन) काळ्या वर्तुळाच्या वर किंवा खाली दिसत असेल तर बट-प्लेट किंवा हाताची जागा बदला. हाताने ढकलून जुळवू नका, कारण स्नायू थकले की शॉट त्याच दिशेला परत जातात. बाजूने मोबाइलवर दहा शॉटचं चित्रण करून फक्त बट-प्लेटकडे बघा. बरंच काही तिथेच दिसतं.

पिशवीवरही ग्रुप उभाच आला तर पुढे चला.

२. गेज, आणि तापमानाचा घोळ (खर्च: काही नाही)

दाब गेजच्या लाल भागात गेला की रेग्युलेटरला पुरेशी हवा मिळत नाही आणि शॉट एकामागून एक खाली उतरतात. चौथं लक्षण बहुतेक वेळा एवढंच असतं. सिलिंडर भरा, पुन्हा मारून बघा.

सकाळी दाब कमी दिसला म्हणजे गळतीच, असं समजू नका. इंदूरला डिसेंबर-जानेवारीत दुपारी २८ अंश आणि पहाटे १२ अंश हा फरक अगदी नेहमीचा. दुपारी २०० बार भरलेला सिलिंडर पहाटे कुठेही न गळता १८९ बार दाखवतो. हवा थंड झाली, गेली नाही. गळती पाहायची तर दोन्ही वेळा तापमान सारखं असताना नोंद करा, म्हणजे आज दुपारी तीन आणि उद्या दुपारी तीन.

मे महिन्यात हाच नियम उलटा आणि धोक्याचा होतो. २५ अंशाला २०० बार भरलेला सिलिंडर उन्हातल्या गाडीत ६० अंशाला पोचला तर आतला दाब २२३ बार होतो. सिलिंडर गाडीत ठेवून राजवाड्यावर खरेदीला जाऊ नका.

३. स्क्रू आणि साइट (खर्च: एक ॲलन कीचा संच)

आधी रायफल रिकामी करा, सेफ्टी फ्लॅग (बॅरल रिकामी असल्याचं दाखवणारी पट्टी) घाला, तोंड टार्गेटकडेच ठेवा. मग बोटांनी हलवून बघा: फोरसाइटचा (पुढच्या साइटचा) टनेल, त्यातली रिंग, बॅकसाइटचा (मागच्या साइटचा) पाया, उंचीसाठी लावलेले ठोकळे, बॅरलवरची वजनं. किंचितही हललं तर चोर सापडला. साइट पाव मिलिमीटर हलली तरी १० मीटरवर शॉट तीनेक मिलिमीटर सरकतो, कारण दोन साइटमधलं अंतर मीटरच्याही आत असतं.

त्यानंतर बॉडी आणि स्टॉक जोडणारे स्क्रू. इंदूरच्या हवेत लाकडी स्टॉकचा त्रास ठरलेला आहे: पावसाळ्यात लाकूड फुगतं, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात आकसतं, आणि जुलैत घट्ट असलेले स्क्रू डिसेंबरमध्ये सैल असतात. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कएवढेच आवळा, दोन्ही आळीपाळीने, थोडे-थोडे. जोर लावून आवळलेला स्क्रू सैल स्क्रूइतकाच वाईट, कारण तो बॉडीवर ताण आणतो. आवळून झाल्यावर स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या धातूपर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला.

साइटच्या क्लिकची (नॉबच्या एकेका टप्प्याची) परीक्षा अशी: पिशवीवरून तीन शॉट, दहा क्लिक वर, तीन शॉट, दहा क्लिक खाली, पुन्हा तीन शॉट. शेवटचे तीन पहिल्या तिघांवर पडले पाहिजेत. पडत नसतील तर नॉबमध्ये ढिलाई आहे. तोवर एक युक्ती वापरा: दर वेळी शेवटची क्लिक एकाच दिशेने द्या. खाली जायचं असलं तर दोन क्लिक जास्त खाली जाऊन दोन वर या.

४. पेलेट (खर्च: एक-दोन डब्या)

स्क्रू घट्ट असूनही पिशवीवर ग्रुप पसरत असेल तर सर्वांत मोठा संशय इथे. स्वस्त असल्याने दुर्लक्षही इथेच होतं.

डबीतली वीस पेलेट पांढऱ्या कागदावर ओता. घाघऱ्याची (पेलेटच्या मागच्या पसरट भागाची) कड चेपलेली, अंडाकृती किंवा चिरलेली दिसली तर ती बाजूला काढा. कड बॅरलला सगळीकडून सारखी टेकली नाही तर मागून हवा निसटते आणि पेलेट तिरकं निघतं. नऊ शॉट एकत्र आणि एक खाली, हे लक्षण यानेच येतं. डबी खिशात खुळखुळवत नेल्याने कडा चेपतात. दुसरं कारण म्हणजे चुकून दोन पेलेट एकावर एक भरली जाणं: जोडीचा शॉट खूप खाली पडतो आणि आवाज बसका येतो. बोलता-बोलता लोड करू नका.

पावसाळ्यात उघड्या डबीतल्या शिशावर पांढरट भुकटी धरते. अशी पेलेट वापरू नका, पुसूनही नाही. ती भुकटी विषारी आहे. डबी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. आणि सकाळच्या सरावानंतर पोहे-जिलेबीच्या ठेल्यावर जाण्याआधी साबणाने हात धुवा. लहान मुलं सरावाला असतील तर त्यांचे हात स्वतः उभं राहून धुऊन घ्या. शिसं शरीरात साठत जातं.

मग डोक्याचा व्यास. एकाच कंपनीची पेलेट ४.४९, ४.५०, ४.५१ अशा मापांत मिळतात आणि प्रत्येक बॅरलला एखादं माप मानवतं. प्रत्येक मापाची दहा-दहा पेलेट पिशवीवरून मारा, तेही दोनदा, कारण एक चांगला ग्रुप नशिबानेही येतो. मित्राच्या रायफलीत चाललेलं माप तुमच्या रायफलीत चालेलच असं नाही. माप ठरलं की त्याच लॉटच्या जमतील तेवढ्या डब्या घेऊन ठेवा.

५. प्रकाश आणि टार्गेट

सगळा ग्रुप जसाच्या तसा वर-खाली सरकला असेल, तर रायफलला हात लावण्याआधी वर दिव्याकडे बघा. १० मीटर रेंजवर टार्गेटवर किमान १५०० लक्स प्रकाश लागतो. घरच्या किंवा गच्चीवरच्या रेंजवर एक ट्यूब मंदावली की काळं वर्तुळ रिंगमध्ये वेगळं दिसतं आणि डोळा वेगळ्या ठिकाणी मध्य धरतो. उघड्या साइटच्या पिस्तुलात हा परिणाम जास्त. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर त्यावर साधा कागद चिकटवून पाच शॉट मारा आणि पडद्याशी ताडून पाहा. दोन्ही जुळत नसतील तर टार्गेटचा कागद किंवा रबराची पट्टी पुढे सरकते का ते रेंजच्या माणसाला बघायला सांगा.

६. बॅरलची सफाई

फेल्टची सफाई-पेलेट वापरा: दोन-तीन कोरडी एकापाठोपाठ मारा, शेवटचं बऱ्यापैकी स्वच्छ निघालं की थांबा. त्यानंतरचे दहा-वीस शॉट मोजू नका, बॅरल पुन्हा बसायला तेवढे लागतात. लोखंडी सळई पुढून कधीही घालू नका. बॅरलच्या तोंडावरची कड, जिला क्राउन म्हणतात, तिथे ओरखडा पडला तर पेलेट सुटताना एका बाजूने आधी हवा निसटते, आणि तो दोष घरी दुरुस्त होत नाही.

७. हवा: ओलावा, गळती, आणि एक इशारा

हँडपंपाने भरणाऱ्यांनी हे नीट वाचावं. जुलै-ऑगस्टमध्ये इंदूरची हवा दमट असते. ती २०० बारपर्यंत दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन बाहेर पडते. ते पाणी रेग्युलेटरपर्यंत गेलं तर आतल्या स्प्रिंगच्या चकत्या गंजतात आणि दाब अडखळत सोडला जातो. पावसाळ्यात हवा भरायची तर ए.सी. चालू असलेल्या खोलीत भरा, तिथली हवा कोरडी असते. चाळीस-पन्नास स्ट्रोकनंतर थांबा, पंपाची ड्रेन उघडून पाणी सोडा, पंप गार होऊ द्या. सिलिका जेलची नळी लावलेली असेल तर दाण्यांचा रंग बदलला की ते बदला.

इशारा असा: सिलिंडरमध्ये फक्त हवा. ऑक्सिजन कधीही नाही, गॅसवाल्याने "एकच आहे" म्हटलं तरी नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलाचा किंवा ग्रीसचा अंश एकत्र आले की स्फोट होतो. याच कारणाने पंपाला आणि ओ-रिंगला (रबराच्या गोल सीलला) साधं मशीन ऑइल लावू नका. फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला जाणवेल न जाणवेल इतकं.

गळती शोधायला सिलिंडर रायफलपासून काढून २४ तास ठेवा आणि परत लावून गेज बघा. मग २४ तास लावून ठेवा. काढलेला असतानाच दाब उतरला तर दोष सिलिंडरच्या वाल्व्हमध्ये. लावल्यावरच उतरला तर रायफलच्या सीलमध्ये. जोडणीच्या जागी भांड्यांच्या साबणाचं पाणी ब्रशने लावलं की बुडबुडे जागा दाखवतात. जोडणीची बाहेरची ओ-रिंग तुम्ही बदलू शकता. सियागंजच्या बाजारात मापाची ओ-रिंग मिळेल, पण पाण्याच्या पंपासाठीची मऊ रिंग उच्च दाबाला टिकत नाही. कंपनीचा सील-संच घेणंच बरं.

८. ब्रीचची ओ-रिंग

लोड करण्याच्या जागेची छोटी रिंग झिजली की थोडी हवा मागून निसटते, आणि दर वेळी वेगवेगळी. चेहरा बाजूला ठेवून ब्रीचच्या फटीवर टिश्यू पेपरची पट्टी ठेवा आणि टार्गेटवर शॉट मारा. पट्टी उडाली तर रिंग बदला. जुनी रिंग लाकडी टूथपिकने काढा. सुईने खाचेला ओरखडा पडतो आणि नवी रिंगही गळते.

९. क्रॉनोग्राफ

इथवर काहीच सापडलं नाही, तरच. क्रॉनोग्राफ (पेलेटचा वेग मोजणारं यंत्र) विकत घेण्याची गरज नाही, क्लबमध्ये किंवा कोचकडे असतो. भरलेल्या सिलिंडरवर वीस शॉटचे वेग लिहा. मग पंधरा मिनिटं थांबून पाच, पुन्हा पंधरा मिनिटं थांबून पाच.

फरक ३ मीटरच्या आत असेल तर रेग्युलेटर ठीक आहे, पुन्हा पेलेट आणि स्क्रूकडे वळा. प्रत्येक विश्रांतीनंतर पहिला शॉट ठळक वेगवान असेल तर रेग्युलेटर बंद असतानाही दाब पुढे झिरपू देतो आहे. पहिला मंद आणि पुढचे बरोबर असतील तर कुठलं तरी सील चिकटत आहे. काहीही क्रम नसताना वेग १०-१५ मीटरने उडत असेल तर हॅमर (वाल्व्हवर आपटणारा भाग), वाल्व्ह किंवा रेग्युलेटर यातलं काहीतरी आहे, आणि तुमचं काम इथे संपलं.

इथे थांबा

रेग्युलेटर, मुख्य वाल्व्ह आणि सिलिंडरचा वाल्व्ह घरी उघडू नका. व्हिडिओ बघून तर नाहीच. दाबाखाली सुटलेला पितळी तुकडा पेलेटइतकाच धोकादायक असतो. ट्रिगरचे बाहेर दिलेले स्क्रू पुस्तिकेप्रमाणे फिरवा, पण आतल्या धातूच्या पृष्ठभागांना पॉलिश करू नका. रायफल बंद करताच सुटू लागते. क्राउनवर ओरखडा, बॅरल मुळापासून हलणं, सिलिंडरवर खोल चरा किंवा गंज, यांपैकी काही दिसलं तर रायफल वापरायचीच नाही. सिलिंडरवर कोरलेली तारीख बघा: सामन्यासाठी तो दिलेल्या मुदतीच्या आत असावा लागतो, आणि ही मुदत जास्तीत जास्त १० वर्षांची असते. मुदत संपलेला सिलिंडर सरावालाही भरू नका.

.२२ रायफल किंवा पिस्तुलाची तुमची हद्द सफाईपर्यंत. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे दुरुस्तीसाठी दुरुस्ती करणाऱ्याकडे परवाना लागतो. महूला सैन्याचं मार्क्समनशिप युनिट असल्यामुळे, आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचं रौप्य जिंकणारे विजय कुमार यांनी तिथेच सराव केलेला असल्यामुळे, आपल्याकडच्या मुलांना .२२ पिस्तुलाची ओढ मोठी आहे. त्यांना ही हद्द पहिल्याच दिवशी समजावून सांगावी.

एअर रायफल दुरुस्तीला पाठवताना "ग्रुप खराब आहे" एवढंच लिहू नका. पिशवीवरचे चार कागद, पेलेटचं नाव, माप आणि लॉट, क्रॉनोग्राफचे आकडे, आणि कोणकोणत्या तपासण्या झाल्या हे सगळं सोबत द्या. कारागिराचे दोन दिवस वाचतात आणि नको ते भाग बदलले जात नाहीत. सिलिंडर काढून ठेवा, रायफलमध्ये उरलेली हवा रेंजवर रिकामे शॉट मारून सोडा, आणि कारागिराने मागितला तरच सिलिंडर वेगळा, पूर्ण रिकामा करून पाठवा.